बेळगावच्या बायबल अभ्यासाला कुठली एकखंडी कॉमेंट्री?

बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ या पट्ट्यातल्या घरगुती बायबल अभ्यासाचं चित्र साधारण असं असतं: आजोबांच्या मांडीवर जुन्या भाषांतराचं मराठी ‘पवित्र शास्त्र’, गोकाककडच्या सुनेच्या हातात कन्नड ‘सत्यवेद’, इंग्रजी शाळेतल्या नातवाच्या मोबाइलवर इंग्रजी. चर्चा मराठीत, मध्येमध्ये कानडी. आणि वचन अडलं की कपाटातून जो दोनेक किलोचा ठोकळा निघतो, तो इंग्रजी. संपूर्ण बायबलवरची एका खंडातली कॉमेंट्री, म्हणजे भाष्यग्रंथ, या सतरंजीवर कितपत कामाला येते, एवढाच निकष इथे लावला आहे. परदेशी परीक्षणांत डोक्यावर घेतलेलं पुस्तक इथे का अडतं, याची कारणं इथलीच आहेत.

बाबा पदमनजी बेळगावात १८३१ साली जन्मले आणि त्यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली, तेव्हा मराठीत भाष्य करण्याची गोष्ट या गावाला नवी नाही. पण आजच्या अभ्यासकाला हवी असलेली पुढची माहिती, म्हणजे नंतर सापडलेली हस्तलिखितं, उत्खननं आणि भाषाभ्यास, एका जागी हवी असेल तर हात इंग्रजी पुस्तकांकडेच जातो. इथे पाच ग्रंथांचा विचार केला आहे: मॅथ्यू हेन्री, जेमिसन-फॉसेट-ब्राउन, ‘न्यू बायबल कॉमेंट्री’ची १९९४ची आवृत्ती, विल्यम मॅकडोनल्ड यांची ‘बिलीव्हर्स बायबल कॉमेंट्री’ आणि ‘साउथ एशिया बायबल कॉमेंट्री’. कॅथलिक वाचकांसाठी ‘न्यू जेरोम’ या कॉमेंट्रीबद्दल पुढे वेगळं सांगितलं आहे.

आधी हिशेब. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय. दीड हजार पानांच्या खंडातून प्रस्तावना, लेख, नकाशे आणि सूची यांची दीडशे पानं वजा केली की उरतात साडेतेराशे. अध्यायाला एक पान आणि वर थोड्या ओळी. फक्त रोमकरांस पत्रावरचं स्वतंत्र भाष्य हजार पानांचं असू शकतं, म्हणजे सोळा अध्यायांना प्रत्येकी साठ पानं. त्यामुळे एकखंडी ग्रंथाकडून काय मागायचं ते आधी ठरवावं. हा भाग पुस्तकात कुठे बसतो, लेखकाचा मुद्दा कसा सरकतो, कुठला शब्द फसवा आहे आणि मोठा मतभेद कशावर आहे, एवढं त्यानं सांगितलं तरी पैसे वसूल. तयार उपदेश त्यात शोधणाऱ्याची निराशा ठरलेली.

शिवाय ही पानं सारखी वाटलेली नसतात. गणना ७ मध्ये ८९ वचनं आहेत, पण बारा सरदारांनी आणलेली तीच अर्पणं बारा वेळा आहेत. तिथे चार ओळीत आटोपलं तर तक्रार नाही. स्तोत्र ८८ला मात्र चारच ओळी मिळाल्या असतील तर संपादकांनी स्तोत्रसंहितेची जागा कापून पत्रांना दिली आहे असं समजावं. दुकानात ही दोन पानं शेजारी शेजारी उघडून पाहायला दोन मिनिटं लागतात.

खरी परीक्षा मात्र ठरावीक उताऱ्यांवर घ्यायची. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा झाली की शेजारचं घर ताटलीत प्रसाद घेऊन येतं, आणि इथल्या प्रत्येक मंडळीत ‘हा खावा का?’ हा प्रश्न पुन्हा उठतो. म्हणून पहिला उतारा १ करिंथ ८ ते १०. पौल इथे तीन वेगवेगळ्या जागांबद्दल बोलतो. एक, देवळातल्या पंगतीला बसणं (८:१० आणि १०:२१). दोन, बाजारात विकायला आलेलं मांस, ज्याची चौकशी करू नका असं तो सांगतो (१०:२५). तीन, विश्वास न ठेवणाऱ्याच्या घरचं जेवण. तिथे वाढतील ते खा, पण ‘हे मूर्तीला वाहिलेलं आहे’ असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकाखातर खाऊ नका (१०:२७–२८). या तीन जागा वेगळ्या काढून दाखवणारी कॉमेंट्री वर्गात वाचता येते. सगळं ‘दुर्बळ भावाला अडखळण होऊ नका’ या एका वाक्यात गुंडाळणारी कॉमेंट्री खानापूरच्या माणसाला काहीच देत नाही, कारण त्याचा प्रश्न नेमका शेजाऱ्याच्या उंबऱ्यावरचा आहे.

दुसरा उतारा लगेच पुढचा, १ करिंथ ११:२–१६. आपल्याकडे प्रार्थनेला उभी राहणारी बाई डोक्यावर पदर घेते, आणि का घेते याचं उत्तर याच वचनांतून दिलं जातं. चांगली कॉमेंट्री इथे निदान तीन गोष्टी मान्य करते: ‘मस्तक’ या शब्दाच्या अर्थावर वाद आहे (अधिकार की उगम), दहाव्या वचनातलं ‘देवदूतांकरिता’ दुर्बोध आहे, आणि रोमन काळातल्या करिंथ शहरातली डोकं झाकण्याची रीत म्हणजे आपला पदर नव्हे. यापैकी एकाचाही उल्लेख नसेल तर लेखक आपली प्रथा वचनात वाचतो आहे.

तिसरी कसोटी पावसाची. मराठीच्या जुन्या भाषांतरात ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ पाऊस असे सुंदर शब्द आहेत. योएल २:२३ पाहा. पण बेळगावच्या शेतकऱ्याच्या डोक्यात वळीव म्हणजे एप्रिल-मेमधला गडगडाटी पाऊस आणि त्याच्या मागोमाग मृगाला आगोट. पॅलेस्टाइनमध्ये क्रम उलटा आणि मधलं अंतर मोठं: पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेरणीचा, शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये, दाणा भरण्याचा. उन्हाळा जवळजवळ कोरडा. हे माहीत नसेल तर याकोब ५:७ मधल्या शेतकऱ्याचं धीर धरणं महिन्याभराचं वाटतं; खरं ते हिवाळाभर पसरलेलं आहे. कॉमेंट्री इथे महिन्यांची नावं देते का, ते पाहा. ‘ऑटम’ आणि ‘स्प्रिंग’ एवढंच लिहिलं असेल तर आपल्याकडे त्याचा उपयोग नाही. हे दोन ऋतू बेळगावात कुणी पाहिलेले नाहीत.

चौथी कसोटी शब्दाची आणि ती फक्त मराठी वाचकालाच लागू आहे. १ योहान २:२ मध्ये ख्रिस्त आपल्या पापांबद्दल ‘प्रायश्चित्त’ आहे असं आपण वाचतो. मराठीत प्रायश्चित्त घेतं ते पाप करणाऱ्यानं; उपास, दान, तीर्थ हे त्याचे प्रकार. योहानाच्या पत्रात ते पुरवणारा देव आहे, ४:१० मध्ये तर पुत्राला त्यासाठी पाठवलं असंच म्हटलं आहे. इंग्रजी कॉमेंट्री इथे वेगळ्याच वादात असते: मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ क्रोध शांत करणं की पाप पुसणं. तो वाद महत्त्वाचा आहे, पण आपल्या वर्गाची अडचण तो नाही. दोन्ही अर्थ सांगून ‘पुढाकार देवाचा’ हे ठळक करणारा ग्रंथ निवडला की उरलेलं काम शिक्षक करू शकतो.

बाकीच्या कसोट्या भराभर. यशया ७:१४ वर यहूदाचा राजा आहाज आणि इ.स.पू. ७३५च्या सुमारास अराम-इस्राएलनं यरुशलेमला घातलेला वेढा यांचा उल्लेख आहे का? मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ तरुण स्त्री आणि ग्रीक भाषांतरात कुमारी, हे सांगून मग मत्तय १:२३ कडे नेलं आहे का? मार्क १६:९–२० वर सायनायटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत हा भाग नाही हे नोंदवलं आहे का? आणि प्रकटीकरण २०:१–६. या सहा वचनांवरून लेखकाचा गट कळतो. हजार वर्षं अक्षरशः धरली आणि इस्राएल राष्ट्राचा कार्यक्रम वेगळा मांडला, तर पुस्तक युगवादी परंपरेतलं आहे. मग तीच चौकट दानीएल ९ आणि मत्तय २४ वरही असणार. गट असणं हा दोष नाही. दुसरी मतं आहेत हे न सांगणं हा दोष.

आता पुस्तकं.

मॅथ्यू हेन्री आपल्याकडच्या पाळकांच्या कपाटात सर्वांत जास्त दिसतो आणि सर्वांत जास्त चुकीच्या कामाला वापरला जातो. हेन्री १७१४ मध्ये वारले तेव्हा ते प्रेषितांच्या कृत्यांपर्यंत पोहोचले होते. रोमकरांसपासून पुढचं इतर पाळकांनी पूर्ण केलं. म्हणजे करिंथकरांवर ‘मॅथ्यू हेन्री म्हणतात’ असं व्यासपीठावरून सांगणं मुळातच चूक आहे. शिवाय त्यांच्या काळी मिसरी चित्रलिपी कुणाला वाचता येत नव्हती, बाबेलची कीलाकार लिपीही नाही. सायनायटिकस उजेडात यायला सव्वाशे वर्षांहून अधिक अवकाश होता. इतिहास, राजांचा काल, हस्तलिखितं यांसाठी त्याला हात लावू नये. मनन, कुटुंबप्रार्थना आणि एखाद्या प्रसंगातून तीन-चार नेटके मुद्दे काढणं यात मात्र त्याला तोड नाही. उत्पत्ती आणि शमुवेल वाचून पाहा. विकत घेताना सावध राहा. ‘एका खंडात’ या शब्दांखाली दोन भिन्न वस्तू मिळतात: एक संक्षेप, दुसरी सगळा मजकूर बारीक टायपात तीन स्तंभांत कोंबलेली. दुसरी चाळिशीच्या चष्म्याला झेपत नाही. आणि मूळ ग्रंथ स्वामित्वहक्काबाहेर असल्यानं ‘ई-स्वोर्ड’सारख्या मोफत प्रणालीत फुकट मिळतो. त्यासाठी कागदाचे पैसे देण्याचं फारसं कारण नाही.

जेमिसन, फॉसेट आणि ब्राउन यांचा १८७१चा ग्रंथही असाच फुकट मिळतो. याची तब्येत उलटी: शब्द कमी, संदर्भवचनं भरपूर, ‘किंग जेम्स’ या जुन्या इंग्रजी भाषांतराच्या वाक्याचे तुकडे उचलून त्यावर दोन-दोन ओळी. वचनावर बोट ठेवून विचारलं तर उत्तर देतो, हा याचा मोठा गुण. पण मिसरमधल्या पपायरसांमुळे (लव्हाळ्याच्या कागदावरच्या जुन्या लेखांमुळे) नव्या कराराच्या रोजच्या ग्रीक भाषेबद्दल जे कळलं ते याच्यानंतरचं, सीरियातल्या उगारित या प्राचीन नगराच्या मातीच्या पाट्या १९२९च्या, मृत समुद्राच्या गुंडाळ्या १९४७च्या. संदर्भवचनांची खाण म्हणून मोबाइलवर ठेवावा, निर्णय त्याच्यावर सोडू नये.

‘बिलीव्हर्स बायबल कॉमेंट्री’चं इंग्रजी सर्वांत सोपं. बारावीपर्यंत कन्नड माध्यमात शिकलेला मुलगाही अर्थ लावू शकतो, आणि आपल्याकडे ही फार मोठी गोष्ट आहे. मॅकडोनल्ड ब्रदरन (नेमलेल्या पाळकाविना सभा चालवणाऱ्या प्रोटेस्टंट) परंपरेतले आणि युगवादी. प्रकटीकरण २०ची परीक्षा त्यांना लावली की लगेच कळतं. १ करिंथ ११ वाचताना ब्रदरन सभांमध्ये स्त्रियांनी डोकं झाकण्याची प्रथा आहे, हे ध्यानात ठेवावं. एकाच माणसानं लिहिल्यामुळे सूर सलग आहे, पण एका माणसाला जेवढं कळतं तेवढंच सगळीकडे आहे. नव्या कराराचा भाग जुन्यापेक्षा भरीव.

‘न्यू बायबल कॉमेंट्री’ ही १९५३, १९७० आणि १९९४ अशा तीन रूपांत फिरते आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगात पहिली दोन तिसरीच्या नावावर खपवली जातात. पुस्तकावर कार्सन, फ्रान्स, मोट्यर आणि वेनहॅम ही चार संपादकांची नावं असतील तर १९९४ची, एनआयव्ही (न्यू इंटरनॅशनल व्हर्शन) या इंग्रजी भाषांतरावर बेतलेली आवृत्ती. मुद्द्याचा प्रवाह दाखवण्यात ही या पाचांत सर्वांत पुढे आहे: प्रत्येक पुस्तकाची रूपरेषा आधी, मग त्याच मथळ्यांखाली विवरण. इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलाला अंतिम प्रमाण मानणारी, भूमिका आहे, पण मतभेद सहसा दडवलेले नाहीत. उणीव अशी की वाचक ब्रिटिश आहे असं गृहीत धरलेलं. मूर्तीला वाहिलेलं अन्न त्यांच्या वाचकाला पुस्तकी प्रश्न वाटतो. आपल्याला तो ताटलीत येतो.

ती जागा भरते ‘साउथ एशिया बायबल कॉमेंट्री’. ही २०१५ साली निघाली, मुख्य संपादक ब्रायन विंटल, लेखक दक्षिण आशियातलेच. विवरणाच्या मध्येमध्ये आपल्या समाजातल्या प्रश्नांवर छोटे स्वतंत्र लेख आहेत. वर्गात वाचायला घेतलं की लोक मान वर करतात, कारण उदाहरणं ओळखीची आहेत. दोन गोष्टी मात्र माहीत असाव्यात. विवरण परिच्छेदवार आहे, वचनवार नाही. एखाद्या एकाच अवघड वचनावर बोट ठेवलं तर कधी कधी पुस्तक गप्प बसतं. आणि अनेक लेखकांमुळे खोली कमी-जास्त आहे, एका संदेष्ट्यावर भरभरून तर दुसऱ्यावर आवरतं. भारतीय आवृत्ती असल्यानं परदेशी ग्रंथापेक्षा परवडते.

घरात एकच घ्यायची तर ‘साउथ एशिया’. नेमानं वचन सांगणाऱ्यानं तिच्या जोडीला १९९४ची ‘न्यू बायबल’ घ्यावी. हेन्री आणि जेमिसन मोबाइलवर. इंग्रजी अडखळत वाचणाऱ्या एकट्या वाचकाला मॅकडोनल्ड, पण शेजारी दुसरं मत सांगणारं कुणीतरी हवं. ‘न्यू बायबल’ आणि मॅकडोनल्ड दोन्ही घेऊन ‘साउथ एशिया’ न घेणं, म्हणजे दोन परदेशी पाहुणे बोलावून घरच्याला बाहेर बसवणं.

कॅम्पातल्या किंवा खानापूरकडच्या कॅथलिक घरांसाठी १९९०ची ‘न्यू जेरोम’ हा वेगळाच दर्जा आहे. संपादक ब्राउन, फिट्झमायर आणि मर्फी. करिंथकरांस पहिल्या पत्राचा भाग जेरोम मर्फी-ओकॉनर यांचा, ज्यांचा करिंथ शहराचा अभ्यास नावाजलेला आहे. तोबीत, यूदीथ, मक्काबी वगैरे पुस्तकं यात आहेत, प्रोटेस्टंट ग्रंथांत ती नसतात. पण हा ग्रंथ विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला आहे. टाइप बारीक, हिब्रू-ग्रीक शब्द लिप्यंतरित, आणि संदर्भ पानाचा नसून लेखाचा आणि परिच्छेदाचा. सूचीत ‘४९:१८’ दिसलं तर ते बायबलमधलं वचन नव्हे. लेख ४९, परिच्छेद १८. नवखा वाचक इथेच पहिल्या दिवशी पुस्तक मिटतो. वरच्या कोपऱ्यातला लेखक्रमांक पाहायची सवय लागली की अडचण संपते.

वापरण्याची रीत. तासाभराच्या तयारीत कॉमेंट्री विसाव्या मिनिटापर्यंत मिटलेली असावी. आधी उतारा मराठी जुन्या भाषांतरात दोनदा मोठ्यानं, मग सोप्या मराठीत एकदा, आणि घरात कानडी वाचणारं कुणी असेल तर ‘सत्यवेद’मधून एकदा. दोन भाषांतरं जिथे वेगळी वाटतात, तिथे पेन्सिलीनं खूण. फिलिप्पै २:७ घ्या. मराठीत ‘स्वतःला रिक्त केले’. एनआयव्हीमध्ये ‘स्वतःला काहीच नसल्यासारखे केले’ अशा अर्थाचे शब्द. कॉमेंट्रीचा ठळक मथळा एनआयव्हीचा असतो आणि ‘रिक्त’ शोधणाऱ्याला तो सापडत नाही. शब्दानं शोधू नका, वचनक्रमांकानं शोधा.

मग कागदावर तीन ते पाच प्रश्न लिहा. जास्त नकोत. आता कॉमेंट्री उघडा, पण उताऱ्याचं पान नाही: त्या पुस्तकाची प्रस्तावना. दोन-चार पानं असतात, पत्र कुणी कुणाला का लिहिलं ते तिथेच असतं, आणि विवरण लिहिणारा ती वाचली आहे असं धरून चालतो. गलतीकरांस पत्राची प्रस्तावना न वाचता ३:१ उघडणारा नंतर ‘काही कळत नाही’ म्हणतो, दोष पुस्तकाचा नसतो. प्रस्तावनेनंतर रूपरेषा, मग आपल्या उताऱ्याच्या आधीचा एक भाग, आपला भाग, नंतरचा एक भाग. शेवटी दिलेली संदर्भवचनं मराठी बायबलात उघडून पाहायची. सगळी नव्हे, लेखकाचा मुद्दा ज्यांच्यावर टेकला आहे ती तीन-चार. संदर्भ जुळत नसेल तर मुद्दाही संशयानं घ्यावा.

यानंतर पुस्तक मिटून आपल्या मराठीत तीन ओळी लिहायच्या. ही पायरी गाळली की मंडळीला ऐकावं लागतं ते इंग्रजी वाक्याचं शब्दशः भाषांतर: ‘हे आपल्याला आमंत्रित करते की आपण…’ असलं. पुस्तक हातात धरून वर्गात वाचून सांगण्याची सवय सीमाभागात फार आहे, कारण इंग्रजी येणारा गटात एखादाच असतो आणि तो पुस्तकाचा दुभाषी होऊन बसतो. त्याला पाच दिवस आधी उतारा सांगावा आणि बैठकीला पुस्तक न आणता ते तीन ओळींचं टाचण आणायला सांगावं.

वचनक्रमांकाची एक पाचर. हिब्रू बायबलात स्तोत्राचा मथळाही वचन म्हणून मोजतात. स्तोत्र ५१चा मथळा दोन वचनांचा, त्यामुळे आपलं ५१:१० तिथे ५१:१२. योएल २:२८–३२ तिथे ३:१–५, आणि मलाखीचा आपला चौथा अध्याय तिसऱ्यातच संपतो. कॅथलिक आणि विद्यापीठीय कॉमेंट्रीत हे आकडे येतात. जुन्या कॅथलिक पुस्तकांत तर लॅटिन क्रमामुळे आपलं स्तोत्र २३ हे २२ असतं. ‘चुकीचं छापलंय’ म्हणण्याआधी एवढं तपासावं.

संक्षेपांचंही तसंच. एलएक्सएक्स म्हणजे जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर, सत्तर जणांचं म्हणून सत्तरचा रोमन आकडा. एमटी म्हणजे हिब्रूचा मसोरा पाठ, यहुदी शास्त्र्यांनी जपलेला. आकड्यापुढे एक एफ म्हणजे पुढचं एक वचन, दोन एफ म्हणजे पुढची काही. सीएफ म्हणजे ‘ताडून पाहा’. ते पुरावा म्हणून दिलेलं नसतं, विरोधी वचनही असू शकतं.

दुकानात बेळगावात प्रत्यक्ष हाताळून घ्यायला प्रती क्वचितच मिळतात. बेंगळुरू किंवा पुण्याहून मागवाव्या लागतात. मागवलेली प्रत आली की आधी बांधणी पाहा. पाठीच्या वरच्या टोकाकडून दुमडलेल्या जुड्यांच्या कमानी दिसल्या आणि जुडीच्या मधोमध दोरा दिसला तर शिवलेली. सपाट डिंकाची पट्टी दिसली तर चिकटवलेली, आणि दीड हजार पानांची चिकटवलेली प्रत दोन पावसाळ्यांत उत्पत्ती आणि प्रकटीकरण बाहेर टाकते. नवी प्रत एकदम मधोमध उघडू नये: पाठ टेबलावर, दोन्ही पुठ्ठे आडवे, मग पुढून वीस पानं, मागून वीस पानं, असं मध्यापर्यंत हलक्या हातानं दाबत जावं. वाचताना मांडीपेक्षा पोथीची ठवणी बरी. पाठीवरचा ताण निम्मा होतो. कागद पातळ असतो, जेल पेन आणि हायलायटर मागच्या पानावर उतरतात. पेन्सिल वापरा.

जून ते सप्टेंबर, विशेषतः खानापूरकडे, पुस्तकाचा शत्रू ओल. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात, आडवं, इतर पुस्तकांखाली ठेवलं की खालच्या पुठ्ठ्यावर बुरशी धरतेच. उभं ठेवा, मागे दोन बोटं जागा सोडा, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पानं फडफडवा. बुरशी आली तर उन्हात नका टाकू, पुठ्ठा वाकतो. सावलीत वाऱ्यावर वाळवून कोरड्या फडक्यानं पुसा. खाकी कव्हर घालताना खळ किंवा डिंक वापरू नये, कसर तोच खायला येते. घडी घालून आत खोचावं.

गटाची सामायिक प्रत असेल तर त्याच कव्हरच्या आत एक तक्ता खोचून ठेवा: मराठी नाव, कन्नड नाव, इंग्रजी नावाचा उच्चार, पान. उत्पत्ती, आदिकांड, जेनेसिस. निर्गम, विमोचनकांड, एक्सोडस. लेवीय, याजककांड, लेव्हिटिकस. गणना, अरण्यकांड, नंबर्स. अनुवाद, धर्मोपदेशकांड, ड्युटरॉनॉमी. इथे तर मराठी नावच नव्या मुलांना ‘ट्रान्सलेशन’ वाटतं. पुढे शास्ते म्हणजे जजेस, उपदेशक म्हणजे कन्नडमधलं प्रसंगी आणि इंग्रजीतलं एक्लेझिॲस्टीस. ६६ ओळींचा हा तक्ता दोन पानांत बसतो आणि ‘अनुवाद ११:१४’ म्हटल्यावर कुणीही कुठल्याही लिपीतून त्याच पानावर पोहोचतं.